पुस्तक आधी, पायपीट नंतर

पुण्यात हेरिटेज वॉकला गेलात, तर सुरुवात बहुधा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी होते. तिथल्या गोष्टींत बाई आलीच तर ती दोन रूपांत येते. एक मस्तानी, सुंदर आणि दुर्दैवी. दुसरी आनंदीबाई पेशवे, कपटी. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला आणि तो आनंदीबाईंनी कागदावरचा ‘ध’ बदलून ‘मा’ केल्यामुळे झाला, हे गाईड रंगवून सांगतो. मग ‘काका मला वाचवा’ होतं, अमावस्येच्या आरोळ्या होतात, फोटो निघतात आणि मंडळी पुढे सरकतात.

इथंच गाईडची परीक्षा घ्यावी. तो बदललेला कागद कुणी पाहिला आहे, आणि पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री यांनी चौकशी करून दोष कुणाच्या माथी मारला, एवढंच विचारायचं. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते नारायणरावांचे काका आणि आनंदीबाईंचे पती रघुनाथराव यांना. या प्रश्नावर जो गाईड थांबतो, ‘ही दंतकथा आहे, पण ती इतकी का टिकली यावर बोलू’ असं म्हणतो, त्याच्याबरोबर दिवसभर चालायला हरकत नाही. जो हसून उडवून लावतो, त्याच्यासोबत किल्ले बघावेत, बायकांचा इतिहास बघायला जाऊ नये.

हा लेख अशा फेरीची तयारी कशी करावी यासाठी आहे. उदाहरण पुण्याचं घेतलं आहे, कारण एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात बायकांच्या शिक्षणावरून जेवढी भांडणं झाली तेवढी महाराष्ट्रात क्वचितच कुठं झाली असतील, आणि त्या भांडणांच्या जागा चालत जाता येतील इतक्या जवळजवळ आहेत. अडचण एकच. वाडे पुरुषांच्या नावावर, पाट्या पुरुषांच्या नावाच्या, पुतळेही बहुतेक त्यांचेच. बायकांनी जे मागे ठेवलं ते दगडात कमी आणि कागदात जास्त आहे. त्यामुळे नुसतं चालून काही दिसत नाही. कागद वाचून गेलात तर तीच इमारत वेगळी दिसते. म्हणून माझा पहिला सल्ला चालण्याचा नाही, वाचण्याचा आहे.

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एकच पुस्तक वाचा, पण ते बाईनं स्वतः लिहिलेलं असू द्या. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) सगळ्यांत सोयीचं, कारण त्यातलं बरंचसं शहर अजून जागेवर आहे. नवऱ्याचं, न्यायमूर्ती रानड्यांचं, चरित्र म्हणून लिहायला घेतलेल्या या पुस्तकात घरातल्या बायकांचं राजकारण इतकं बारकाईनं उतरलं आहे की न्यायमूर्तींपेक्षा स्वयंपाकघरच जास्त लक्षात राहतं. दुसरं बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ (१९४४), तिसरं पार्वतीबाई आठवल्यांचं ‘माझी कहाणी’ (१९२८). वेळ अगदीच कमी असेल तर मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आलेला निबंध वाचा. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो मजकूर अर्ध्या तासात वाचून होतो. डोक्यातून जायला मात्र बराच वेळ लागतो.

आता फेरी निवडण्याविषयी. वारसा फेऱ्या काढणाऱ्या संस्था, इतिहासाचे अभ्यासक आणि हौशी मंडळी पुण्या-मुंबईत आता भरपूर आहेत. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह या काळात तर जाहिरातींचा पाऊस पडतो. ८ मार्चला ‘महिला विशेष’ फेऱ्या निघतात. त्या शक्यतो टाळा. गर्दी फार, वेळ कमी, आणि गुलाबाचं फूल देऊन स्वागत करण्यातच पाऊण तास जातो. त्याच विषयाची फेरी जुलैत किंवा सप्टेंबरात कुणी काढत असेल तर तो माणूस विषयासाठी काढतो आहे असं समजायला जागा आहे. ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांची जयंती, हा याला अपवाद. त्या दिवशी फुले वाड्यात गर्दी असते, पण तिथली गर्दीही पाहण्यासारखी असते. गावोगावहून शिक्षिका येतात, मुली येतात, लेकरांना कडेवर घेतलेल्या आया येतात. गाईड नसला तरी चालेल.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना फोन करा आणि थोडं खोदून विचारा. गटात किती माणसं असतील? वीसच्या वर गेली की लक्ष्मी रस्त्यावर मागच्यांना काही ऐकू येत नाही, मग माईक असो वा नसो. तुम्ही कोणत्या कागदांच्या आधारे बोलता? एका तरी पुस्तकाचं, पत्राचं, नियतकालिकाचं नाव यायला हवं. फेरीत कोणकोणत्या बायका येतात? यादीत सगळ्याच सदाशिव पेठेतल्या असतील तर फेरी अर्धी आहे. आणि ‘पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक’ एवढंच असेल तर ती सामान्यज्ञानाची स्पर्धा झाली. शेवटी, अडखळत न बसता, शौचालय कुठं कुठं आहे हेही विचारा. बायकांची फेरी काढणाऱ्यानं त्याचा विचार केलेला नसेल तर त्यानं बायकांचा विचार केलेला नाही. शहरात बायकांनी किती वेळ बाहेर राहायचं हे शंभर वर्षांपूर्वी रूढीनं ठरवलं. आज ते बऱ्याच अंशी याच एका गोष्टीनं ठरतं.

फेरीचे पैसे घेतात म्हणून नाक मुरडू नका. तीन तास उन्हात बोलणाऱ्याच्या मागे वर्षांचं वाचन असतं. फुकट फेरी असेल तर शेवटी गाईडच्या हातात काहीतरी ठेवावं.

आता वाट. मी सुचवते ती लक्ष्मी रस्त्याच्या पश्चिम टोकाकडून सुरू होते आणि पूर्वेला गंज पेठेत संपते. अंतर साडेतीन-चार किलोमीटरच्या आतलं आहे. वेळ चार तासांचा धरा. सकाळी साडेसातला निघालात तर लक्ष्मी रस्ता मोकळा मिळतो. दुकानं उघडली की तिथं थांबून बोलणं अशक्य. या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या तीन थांब्यांत तुम्ही १९०९ पासून चालायला लागता आणि मागे मागे जात १८४८ पर्यंत पोचता. प्रत्येक ठिकाणी प्रश्न पडतो की हे शक्य व्हायला आधी काय घडावं लागलं, आणि उत्तर पुढच्या थांब्यावर असतं.

पहिला थांबा सेवासदन. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये सेवासदन काढलं. पुण्याची संस्था रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सुरू केली, न्यायमूर्ती गेल्यानंतर आठ वर्षांनी. इथं गाईड ‘समाजसेवा’ हा शब्द वापरील. त्याला विचारा, की इथं काय शिकवत होते आणि त्यातून पैसे कुणाच्या हातात येत होते? शिवण, शिक्षिकेचं काम आणि परिचारिकेचं शिक्षण. त्यातलं शेवटचं सगळ्यांत धाडसाचं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, मलमूत्र काढायचं, आणि हे करणारी बाई बऱ्याचदा वरच्या जातीतली विधवा. सोवळ्याओवळ्याच्या त्या पुण्यात याला किती विरोध झाला असेल ते सांगायला नको. आज घराघरांत कुणाची तरी आत्या, मावशी, मुलगी नर्स असते, त्यामुळे ही पायरी किती उंच होती ते पटकन लक्षात येत नाही.

तिथून त्याच रस्त्यानं पूर्वेला हुजूरपागा. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जिथं होती तिथं १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल सुरू झालं. रानडे, रा. गो. भांडारकर, वामनराव मोडक ही मंडळी पुढे होती. घोड्यांच्या जागी मुली, हा विनोद तुमचा गाईड नक्की करील. हसून घ्या, आणि मग त्याला शाळेच्या अभ्यासक्रमाकडे वळवा. मुलींना इंग्रजी आणि गणित कशाला, शाळा किती तास असावी, घरकाम कधी शिकणार, यावर टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून कडक टीका झाली. टिळकांचं नाव आलं की काही गाईड चाचरतात. चाचरायचं काही कारण नाही. माणूस एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत मागे असू शकतो, हे पुणेकरांना तरी समजायला हवं.

रमाबाईंचं पुस्तक वाचून आला असाल तर इथं एक प्रसंग आठवेल. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी हिराबागेत गव्हर्नरांसमोर सभा झाली आणि रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवलं. सभेत कौतुक झालं. घरी परतल्यावर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी काय ऐकवलं ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. स्त्रीशिक्षणाला विरोध म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पगडीवाले शास्त्री येतात. रमाबाईंना रोजचा जाच झाला तो माजघरातून. त्या बायकाही मूर्ख नव्हत्या. त्यांच्या हातात जी काही सत्ता होती ती याच घराच्या रीतीभातीत होती, आणि ही पोर वाचायला बसली की ती रीत ढिली होत होती. गटातल्या एखाद्या आजींना यावर बोलतं करा. गाईडपेक्षा जास्त मिळेल.

हुजूरपागा ही चालू शाळा आहे, त्यामुळे आत शिरायचा हट्ट करू नये. बाहेरून पाहावी. आत जायचंच असेल तर संस्थेकडे आधी रीतसर पत्र द्यावं आणि सुटीचा दिवस मागावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे माजी विद्यार्थिनी शोधणं. पुण्यात त्या शोधायला फार कष्ट पडत नाहीत, नातेवाइकांच्या गटावर एक निरोप टाकला की पुरे. इरावती कर्वे इथंच शिकल्या. ब्रह्मदेशात जन्मलेली, इरावदी नदीवरून नाव पडलेली ही मुलगी लहानपणी शिकायला म्हणून इथं आली, पुढे बर्लिनला जाऊन आली, डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवू लागली आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवू लागली. त्यांचं ‘युगान्त’ वाचलेल्यांना हे ठाऊक असतं. स्कूटरची गोष्ट मात्र तरुण मुलींना जास्त आवडते, आणि त्यात काही वावगं नाही.

पुढे बुधवार पेठ. दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. ‘होता’ म्हणायचं, कारण कोर्टकचेऱ्या संपल्यावर २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, आणि तिथं राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथं सुरू केली. तात्यासाहेब भिड्यांनी जागा दिली. पडक्या वाड्यासमोर उभं राहूनही लोक भारावून जात. आता मोकळ्या किंवा अर्धवट जागेसमोर उभं राहून गाईडला सगळं शब्दांनीच उभं करावं लागतं, म्हणून त्याचा कस इथं लागतो.

भिडे वाड्यापाशी तीन गोष्टी नीट ऐका. पहिली ‘देशातली पहिली’. मुंबईत अमेरिकन मिशननं मुलींची शाळा १८२४ मध्येच काढली होती, आणि सावित्रीबाई स्वतः नगरला मिशनरी फरार बाईंच्या संस्थेत शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. मग फुल्यांच्या शाळेचं मोठेपण कशात? इथल्याच माणसांनी, इथल्याच मुलींसाठी, पुण्याच्या ब्राह्मणी वस्तीच्या ऐन मध्यावर ती काढली, आणि लगोलग अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा उघडल्या, यात. हे सांगितलं की ‘पहिली’ या बिरुदाची फारशी गरज उरत नाही. दुसरी गोष्ट शाळेत जाताना सावित्रीबाईंवर फेकलेल्या शेणगोळ्यांची आणि म्हणून पिशवीत ठेवलेल्या दुसऱ्या साडीची. ती बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींतून आली आहे. आठवण म्हणून सांगितली तर उत्तम. तिसरी गोष्ट फातिमा शेख. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. त्यापलीकडे जन्मतारखेपासून पुढचं जे तपशीलवार सांगितलं जातं, त्यातल्या बऱ्याचशाला कागदाचा आधार नाही. म्हणून त्या नव्हत्याच असं म्हणायला धावणारेही आहेत. आणि नसलेलं चरित्र रचणारेही. चांगला गाईड दोघांच्या मध्ये उभा राहतो: नाव पत्रात आहे, काम दिसतं, बाकी हरवलं. गरीब मुसलमान बाईचं काय काय हरवतं, हाही इतिहासच आहे.

बुधवार पेठेविषयी एक सूचना आवर्जून. याच पेठेच्या काही गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया राहतात आणि काम करतात. ‘तेही दाखवू का’ असं कुणी विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. आपण पाहायला जायचं आणि कुणीतरी पाहून घ्यायचं, असं नातं असलेली फेरी काढू नये. तिथल्या स्त्रियांच्या संघटनांनी स्वतः बोलावलं, त्यांच्या कार्यालयात, त्यांच्या वेळेनं, तर जरूर जा. कॅमेरा मात्र गल्लीच्या तोंडाशीच पिशवीत टाका.

इथून मंडईकडे वळा. चहा घ्या, पोहे खा, पाय मोकळे करा. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेली ही मंडई आज महात्मा फुल्यांच्या नावानं ओळखली जाते. आतबाहेर भाजी घेऊन बसलेल्या बायकांकडे ‘वारसा’ म्हणून बघत थांबू नका. भाजी घ्या. घासाघीस न करता घेतलीत तर गप्पाही होतात. बसायची जागा कुणाकडून कुणाकडे आली, सासूकडून की आईकडून, परवाना कुणाच्या नावावर आहे, हे प्रश्न विचारायला हरकत नाही. गिऱ्हाइकाची वेळ नसावी, एवढं भान ठेवलं की झालं. बायकांचा इतिहास म्हणजे शिक्षणाचाच इतिहास, हा समज मंडईत आल्यावर आपोआप सैल होतो. पहाटेपासून बाजारात बसणाऱ्या बाईला घराबाहेर पडण्याची परवानगी कुणा सुधारकानं मिळवून दिलेली नव्हती. ती बाहेरच होती.

दहाच्या सुमाराला राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे निघा. वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून घ्या. लोक इथं कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल बघतात आणि निघून जातात. तुम्ही उलट करा. महालाला थोडा वेळ द्या आणि उरलेला वेळ वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे, अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातली भांडी यांच्यापुढे घालवा. टाचा घासायच्या वज्रीवर मोर आणि हत्ती कोरलेले असतात. ज्या हातांनी हे रोज वापरलं त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. या शहरातल्या बहुसंख्य बायकांनी मागे ठेवलेली एवढीच खूण आहे, आणि ती एका कवी-दुकानदाराच्या वेडामुळे उरली. केळकरांच्या या वेडात त्यांच्या पत्नी कमलाबाईंचाही मोठा वाटा होता. संग्रहालयाचं नाव त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना इथं एक खेळ द्या. एक वस्तू निवडायची आणि ती कोण वापरत असेल, कधी, वापरून झाल्यावर कोण घासत असेल, ते सांगायचं. शेवटच्या प्रश्नावर मोठी माणसं जास्त अडकतात.

पुढचा थांबा पंचहौद मिशनचं चर्च. ऑक्टोबर १८९० मध्ये इथं झालेल्या चहापानाची गोष्ट पुण्यात सर्वांना माहीत आहे: टिळक, रानडे आणि इतर मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं ठेवली, गावभर बोभाटा झाला, ग्रामण्य बसलं, प्रायश्चित्तं झाली. गाईड ही गोष्ट पुरुषांची गोष्ट म्हणून सांगतो, आणि तशी ती आहेही. पण बहिष्कार घरात आल्यावर काय होतं याचा विचार करा. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, स्वयंपाकी काम सोडून जातो, लेकीला माहेरी आणायची पंचाईत होते. चहा पुरुषांनी प्यायला, निस्तरलं बायकांनी. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतलं तेव्हा आपल्याला काय वाटलं, हे रमाबाईंनी आठवणींत लिहिलं आहे. पुस्तक बरोबर आणलं असेल तर ती पानं चर्चच्या आवारात सावलीला बसून एकीनं वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी.

फुले वाडा आता हाकेच्या अंतरावर. इथं घाई करू नका. आवारात हौद आहे, विहीर आहे, जोतीरावांची समाधी आहे, बसायला जागा आहे. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, असं गाईड सांगेल. त्याला विचारा, घागर घेऊन कोण आलं असेल? पाणी भरायचं काम बायकांचं होतं, म्हणजे त्या हौदावर पहिलं पाऊल एखाद्या बाईनंच टाकलं असणार. १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. याचे फलक पुण्यात लागले होते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. बाळंतपणं काढणारी, नाळ कापणारी, रात्रीअपरात्री दार उघडणारी सावित्रीबाई पुतळ्यात दिसत नाही. पुतळ्यातल्या हातात पुस्तक असतं. जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून त्या पुढे चालल्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना १० मार्चला त्या गेल्या. त्यांची कविता, पत्रं, भाषणं ‘समग्र वाङ्मया’त राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापली आहेत. ते घरी असू द्यावं.

हा झाला एक दिवस. आणखी दोन अर्धे दिवस काढता आले तर पुढचं सुचवते.

एक कर्वेनगर. प्लेगच्या दिवसांत अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांचा आश्रम शहरातून हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, हलवला. तिथली झोपडी जपून ठेवली आहे. शिक्षणसंस्थेचं आवार असल्यामुळे आधी परवानगी घ्या. फर्ग्युसनमधली शिकवणी संपवून अण्णा रोज इथं चालत येत, हे सगळे सांगतात. बाया कर्व्यांविषयी फारसं कुणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी, १८९३ मध्ये अण्णांशी पुनर्विवाह केलेली. आश्रमातून पुनर्विवाहाचा प्रचार होत नाही हे लोकांना पटावं म्हणून बायांनाच आश्रमापासून लांब ठेवलं गेलं. ज्या लग्नामुळे हे काम सुरू झालं त्या लग्नातल्या बाईलाच दार बंद. अण्णांनी विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली तेव्हा घर कसं चाललं, हे ‘माझे पुराण’मध्ये वाचा आणि मग झोपडीपुढे उभ्या राहा. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या आणि इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेपर्यंत गेल्या. या दोन बहिणींवर कुणी फेरी काढली तर मी पहिलं नाव देईन.

दुसरा अर्धा दिवस येरवड्याकडचा. आगाखान पॅलेसमध्ये ऑगस्ट १९४२ पासून गांधीजींबरोबर कस्तुरबा, सरोजिनी नायडू, मीराबेन, सुशीला नय्यर स्थानबद्ध होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा तिथंच गेल्या. समाधी आवारात आहे. जवळच डेक्कन कॉलेज. कॉर्नेलिया सोराबजी या कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. त्यांच्या आईनं आणि बहिणीनंही पुण्यात शाळा काढल्या. पेठांच्या बाहेरचं, कॅम्पातलं पुणे या फेऱ्यांत हटकून सुटतं. तो दोष माझ्या वाटेतही आहे, चार तासांत पाय तिथवर पोचत नाहीत.

सिनेमाची आवड असेल त्यांनी विधी महाविद्यालय रस्त्यावरची प्रभात स्टुडिओची जागा, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, बाहेरून तरी पाहावी. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कंपनीशी वाद झाल्यावर याच फाटकात उपोषण केलं. नटीनं कराराच्या हक्कासाठी असं बसणं तेव्हाच्या वर्तमानपत्रांना चघळायला पुरलं. आणि इतिहास स्वातंत्र्यापाशी थांबत नाही हे ध्यानात घेतलं तर १९८९ मध्ये विद्या बाळांनी सुरू केलेलं ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक आणि १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत यांचाही पत्ता नकाशावर लिहून ठेवा. सकाळी तुमच्या दारात कचरा न्यायला येणारी बाई कदाचित त्या संघटनेची सभासद असेल.

तुम्ही पुण्याचे नसाल तर ही वाट नकलून उपयोग नाही, पद्धत उचला. मुंबईत १८८६ मध्ये उघडलेलं कामा हॉस्पिटल धरून डॉक्टर बायकांची फेरी होते. नागपुरात २० जुलै १९४२ ला दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि सुमारे पंचवीस हजार बायका आल्या होत्या. तिथून सुरुवात करता येते. गावात असं काही मोठं घडलेलं नसेल तर मुलींची सर्वांत जुनी शाळा, बाळंतपणाचा दवाखाना, पाणवठा, बाजार आणि ग्रंथालयातली स्त्री-लेखिकांची कपाटं, एवढ्या पाच जागांवर एक सकाळ निघते. शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका मागून घ्या. बहुतेक मुख्याध्यापिका आनंदानं देतात.

गाईड म्हणून गावातल्याच दोन-तीन वयस्क बायकांना बोलवा. त्यांना घरून आणायला आणि सोडायला वाहनाची सोय करा, चालणं कमी ठेवा, खुर्ची सोबत न्या. बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि त्यांनी ‘हे मात्र नको’ म्हटलेला भाग त्यांच्यासमोरच पुसून टाका. पुढच्या वेळी त्या आपणहून आणखी कुणाला तरी घेऊन येतात.